उट्रेख्तच्या डोम मनोऱ्यात ४६५ पायऱ्या चढताना

नेदरलँड्समधील उट्रेख्त शहराच्या मध्यभागी उभा असलेला डोम मनोरा ११२ मीटर उंच आहे आणि त्या देशातील चर्चच्या मनोऱ्यांमध्ये तो सर्वांत उंच आहे, एवढी माहिती आम्हा मित्रमंडळींना तिथे जाण्यापूर्वीच होती. मात्र त्याच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती त्याची उंची नव्हे, तर त्याचे एकटेपण. मनोरा चर्चचा आहे, पण चर्च त्याला लागून नाही. मनोऱ्यातून बाहेर पडले की मोकळा फरसबंद चौक लागतो, आणि तो ओलांडल्यावर पलीकडे चर्चचा उरलेला अर्धा भाग दिसतो. १ ऑगस्ट १६७४ रोजी आलेल्या प्रचंड वादळात या दोहोंमधला लांबलचक सभामंडप कोसळला. पैशाअभावी त्याला हवे तसे दगडी आधार कधीच दिले गेले नव्हते. मनोरा आणि वेदीकडचा भाग मात्र भक्कम बांधणीमुळे तगले. पडझडीचा ढिगारा पुढे दीडशे वर्षे तसाच पडून होता आणि १८२६ मध्ये तो उपसला गेला. सभामंडप पुन्हा बांधला गेला नाही. त्याच्या भिंती आणि खांब जिथे होते, तिथे आज फरशीत खुणा केलेल्या आहेत आणि त्यांवरून विद्यार्थी सायकली हाकत जातात.

आम्ही चौघे होतो. उट्रेख्तमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेली आमची महाविद्यालयीन मैत्रीण, नाशिकहून आलेला एक मित्र, त्याची पत्नी आणि मी. यजमान मैत्रिणीने या शहरात आल्यापासून बराच काळ मनोरा पाहिला होता तो मचाणात गुरफटलेला, कारण २०१९ ते २०२४ या काळात त्याचा मोठा जीर्णोद्धार चालू होता. मचाण उतरल्यावर तो तिने बाहेरून रोज पाहिला, पण आतून पाहणे मात्र आम्ही येईपर्यंत राखून ठेवले होते. पावसाळी ऑक्टोबरातली ती एक कोरडी सकाळ होती आणि वारा बेताचा होता, हे महत्त्वाचे, कारण वर गेल्यावर वाऱ्याचा विचार करावाच लागतो.

या मनोऱ्यात आपल्या मनाने शिरून वर जाता येत नाही. वेळ ठरवून तिकीट काढावे लागते, आणि त्या वेळेला मर्यादित संख्येच्या गटाला सोबत घेऊन मार्गदर्शक वर जातो. सुरुवातीला मला ही पद्धत थोडी जाचक वाटली होती, कारण आपल्या गतीने चढावे, हवे तिथे थांबावे अशी माझी इच्छा असते. प्रत्यक्षात तीच पद्धत उपकारक ठरली. एकूण ४६५ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि जिना बहुतेक ठिकाणी इतका अरुंद आहे की चढणारा आणि उतरणारा एकमेकांना ओलांडू शकत नाहीत; तेव्हा वर जाणाऱ्यांची आणि खाली येणाऱ्यांची गणिते कुणीतरी सांभाळावीच लागतात. शिवाय मार्गदर्शक ठरावीक दालनांत थांबवतो, श्वास घेऊ देतो, आणि त्या दालनात नेमके काय पाहायचे ते सांगतो. आमच्या गटाची मार्गदर्शक साठीच्या आसपासची एक बाई होती. जिन्याला हात घालण्यापूर्वी तिने सर्वांकडे एकवार नजर टाकली आणि विचारले, “कुणाला हृदयाचा, गुडघ्याचा किंवा बंद जागेचा त्रास आहे का? असेल तर आत्ताच सांगा, अर्ध्यावरून परतणे सोपे नाही.” नाशिकच्या मित्राच्या पत्नीला गुडघ्याचा त्रास होता. तिने क्षणभर विचार केला आणि आपण वर येणार नाही, असे शांतपणे सांगितले. चौकाखाली उत्खननात सापडलेले अवशेष पाहण्याची सोय आहे, ते पाहायला ती गेली. त्याबद्दल पुढे येईलच.

मनोऱ्याची रचना बाहेरून लक्षात घेऊन मगच आत गेले तर चढण समजते. खाली एक भला मोठा चौकोनी ठोकळा आहे, त्याच्या पोटातूनच रस्ता आरपार जातो. त्यावर थोडा लहान असा दुसरा चौकोनी ठोकळा आणि त्यावर अष्टकोनी, चारी बाजूंनी खुला, जाळीदार असा कंदिलासारखा भाग. बांधकाम १३२१ मध्ये सुरू झाले आणि १३८२ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे ज्यांनी पाया घातला, त्यांतल्या बहुतेकांना कळस दिसला नसणार. एवढा खर्च आणि एवढा दिमाख तेव्हाही सर्वांना रुचला नव्हता. खेर्ट ग्रोटे या धर्मसुधारकाने या मनोऱ्याच्या विरोधात लेखन केले होते आणि त्याच्या मते असे उंच बांधकाम हे भक्तीचे नव्हे, अहंकाराचे लक्षण होते. मला हे वाचून बरे वाटले होते, कारण आज ज्या वास्तूबद्दल शहरात एकमत दिसते, तिच्या जन्माच्या वेळी तिला जाब विचारणारे कुणीतरी होते.

पहिला टप्पा रुंद आणि सोपा वाटला. दगडी गोल जिना, भिंतीला धरायला आधार, अधूनमधून फटीसारख्या खिडक्या. गोल जिन्यात एक गोष्ट लवकरच जाणवते: दिशांचे भान सुटते. काही वळणांनंतर आपण चौकाच्या बाजूला आहोत की रस्त्याच्या, हे सांगता येत नाही, आणि फटीतून दिसणारे छप्पर प्रत्येक वेळी नवेच भासते. पायऱ्या आतल्या बाजूला निमुळत्या असल्याने पाऊल बाहेरच्या कडेला ठेवावे लागते आणि त्यामुळे प्रत्येक वळण थोडे लांब पडते. मैत्रीण पुढे होती. ती मध्येच वळून म्हणाली, “अरे, बोलू नका, दम वाचवा.” त्यानंतर मात्र आम्ही खरोखरच गप्प झालो.

पहिला थांबा मिखाएल चॅपेलचा. हे बिशपचे खासगी प्रार्थनास्थळ होते. जमिनीपासून इतक्या उंचावर कमानींचे छत असलेले, चांगले प्रशस्त दालन पाहून सगळेच अवाक् झाले, कारण बाहेरून मनोरा भरीव दगडाचा वाटतो. शहराचा धर्माधिकारी आणि बऱ्याच अंशी शासकही असलेल्या माणसाला सामान्य भाविकांच्या डोक्यावर, देवदूत मिखाएलच्या नावाने बांधलेल्या खोलीत प्रार्थना करावीशी वाटावी, यात त्या काळाची सत्तेची कल्पना सरळ दिसते. पुढे १५८० मध्ये उट्रेख्तमध्ये कॅथलिक उपासनेवर बंदी आली आणि अशा दालनांचा मूळ उपयोग संपला. त्याच्या वरचे दालन एग्मंड चॅपेल या नावाने ओळखले जाते. या मनोऱ्यात पूर्वी राखणदार कुटुंबासह राहत असत आणि शहरात कुठे आग लागली आहे का, याच्यावर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम होते. रोजचे पाणी, सरपण आणि धान्य याच जिन्याने वर जात असणार. आम्ही रिकाम्या हातांनी चढत होतो आणि तरी आमची दमछाक झाली होती.

मला या सगळ्या चढाईत ज्याने धरून ठेवले, ते यापुढच्या दालनात होते. घंटांचे दालन. ओकच्या जाड तुळयांची एक प्रचंड चौकट, आणि त्या चौकटीत टांगलेल्या एकाहून एक मोठ्या घंटा. काम्पेनच्या खेर्ट व्हॅन वाऊ या ओतारीने १५०५ आणि १५०६ मध्ये या मनोऱ्यासाठी तेरा घंटा ओतल्या. सर्वांत मोठीचे नाव साल्व्हाटोर, म्हणजे तारणहार. वजन सुमारे ८,२०० किलो, तोंडाचा व्यास दोन मीटरहून अधिक. तिच्यानंतर मारिया, मार्टिनस, मिखाएल अशा उतरत्या क्रमाने बाकीच्या. घंटा चौकटीत टांगण्यामागे कारण आहे. एवढे वजन जेव्हा डोलू लागते तेव्हा ते भिंतींना ढकलते, आणि तो धक्का थेट दगडात गेला तर मनोऱ्याचे सांधे हळूहळू सैल होतात. लाकूड त्यातला बराचसा धक्का स्वतः झेलते. म्हणजे ही चौकट दालनात ठेवलेले मोठे फर्निचर नव्हे, तो मनोऱ्याचा जीव वाचवणारा भाग आहे.

मार्गदर्शकबाईंनी सांगितलेली एक गोष्ट मी तेव्हापासून अनेकांना सांगितली आहे. सतराव्या शतकात मनोऱ्यासाठी सुरावट वाजवणारा नवा घंटासंच घ्यायचे ठरले तेव्हा पैशासाठी व्हॅन वाऊच्या तेरा घंटांपैकी लहान सहा विकण्यात आल्या. मोठ्या सात राहिल्या. तीनशेहून अधिक वर्षे हा संच अपुरा होता, आणि १९८२ मध्ये त्या सहांच्या जागी नव्या घंटा ओतून बसवण्यात आल्या. त्याच्या थोडेसे आधी, १९७९ मध्ये, शहरातल्या हौशी नागरिकांनी घंटावादकांचा संघ स्थापन केला होता. या घंटा आजही विजेच्या मोटरीवर वाजत नाहीत. माणसे वर चढून येतात, दोर हाती घेतात आणि ओढतात. साल्व्हाटोरसारखी घंटा एकदम वाजत नाही. ती आधी थोडी हलते, मग प्रत्येक ओढीला जरा अधिक डोलते, आणि लोलक तिच्या कडेला पहिल्यांदा आदळेपर्यंत ओढणाऱ्यांना एकमेकांच्या तालात राहावे लागते. जोर लावण्यापेक्षा योग्य क्षणी ओढणे आणि योग्य क्षणी सोडणे याला महत्त्व असते. सभामंडप पडला तो परत उभा राहिला नाही, पण सहा घंटांची रिकामी जागा मात्र या शहराने भरली, आणि ती वाजवायला माणसेही उभी केली. मला यातले दुसरे जास्त मोलाचे वाटते.

नाशिकचा मित्र साल्व्हाटोरखाली बराच वेळ उभा होता. त्याला पंचवटीतल्या नारोशंकर मंदिराची घंटा आठवली नसती तरच नवल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत आणून टांगल्या गेल्या, आणि नारोशंकराची घंटाही त्याच विजयाची खूण मानली जाते. तिच्यावर १७२१ हे वर्ष कोरलेले आहे. लहानपणापासून तो ती घंटा पाहत आला होता, पण तिच्या जातीची घंटा जिथल्या कारागिरीतून आली त्या खंडात, तिच्या मूळच्या जागी, म्हणजे उंच मनोऱ्यात, डोलण्यासाठी टांगलेली त्याने प्रथमच पाहिली. “आपल्याकडे घंटा स्थिर असते आणि आपण लोलक हलवतो,” तो म्हणाला, “इथे तर अख्खी घंटाच झोके घेते.” हे निरीक्षण अचूक होते. आपल्याकडच्या देवळात घंटा भाविकाच्या हाताच्या अंतरावर असते आणि प्रत्येकजण तिला स्वतः टोल देऊन आत जातो. इथे ती सर्व शहरासाठी एकदाच, फार वरून वाजते, आणि तिला वाजवायला एकटा माणूस पुरत नाही.

पुढचा जिना अधिक अरुंद होत गेला आणि आम्ही अष्टकोनी भागात पोहोचलो. ज्या संचासाठी त्या सहा घंटा गेल्या तो इथे आहे. फ्रान्स्वा आणि पीटर हेमोनी या भावांनी १६६४ च्या सुमारास ओतलेल्या पस्तीस घंटा, आणि विसाव्या शतकात त्यांत भर घालून झालेला पन्नास घंटांचा आजचा संच. या संचाला कॅरिलन म्हणतात. यातल्या घंटा डोलत नाहीत. त्या स्थिर असतात आणि प्रत्येकीच्या लोलकाला तार जोडलेली असते. वादक एका छोट्या खोलीत बसून लाकडी दांड्यांच्या रांगेवर मुठी आपटतो आणि मोठ्या घंटांसाठी पायांनी पट्ट्या दाबतो. पेटीवर बोटे फिरवण्यापेक्षा हे काम कितीतरी अधिक अंगमेहनतीचे आहे. वादक नसताना दर पाव तासाला वाजणारी धून खिळे बसवलेल्या एका भल्या मोठ्या ढोलातून येते. ढोल फिरतो, खिळा तार ओढतो आणि हातोडा घंटेवर पडतो. धून बदलायची तर खिळ्यांच्या जागा हाताने बदलाव्या लागतात.

या संचाची खरी कहाणी मात्र हेमोनी बंधूंच्या थोडी आधी सुरू होते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात उट्रेख्तच्या घंटांची देखरेख याकोब व्हॅन आइक या जन्मांध संगीतकाराकडे होती. घंटेवर एक टोला पडला तरी तिच्यातून एकच स्वर निघत नाही, अनेक स्वर एकत्र निघतात, आणि ते एकमेकांशी जुळलेले नसतील तर घंटा बेसूर वाटते. व्हॅन आइक घंटेजवळ ठरावीक स्वराची शीळ घालून तिच्यातला एकेक स्वर वेगळा जागा करून दाखवत असे. कुठला स्वर घंटेच्या कुठल्या भागातून येतो हे त्याने ओळखले, आणि त्या ज्ञानाच्या आधारे हेमोनी बंधूंनी घंटेच्या आतला धातू नेमक्या जागी तासून ती सुरात आणण्याची पद्धत बसवली. या रीतीने सुरात लावलेला त्यांचा पहिला संच १६४४ मध्ये झुटफेन गावात वाजला. व्हॅन आइक १६५७ मध्ये वारला, म्हणजे त्याने मिळवलेल्या ज्ञानाच्या आधारे सुरात आणलेला संच डोम मनोऱ्यात बसलेला त्याने ऐकलाच नाही. तो उत्तम बासरीवादकही होता. शहराने त्याच्या वेतनात वाढ केली ती एका अटीवर, की संध्याकाळी सेंट जॉन चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्यांना त्याने बासरी ऐकवावी. नगरपालिकेच्या कागदपत्रांत अशी अट नोंदलेली असावी, याचा मला फार आनंद झाला.

आम्ही तिथे असतानाच पाव तासाची धून सुरू झाली. बाईंनी आधीच कानांवर हात ठेवायला सांगितले होते. आवाज मोठा होताच, पण मला अधिक जाणवले ते त्याआधीचे काही क्षण. तारा ताणल्याचा करकराट, ढोलाची घरघर, हातोडे उचलले जाण्याची खटखट. खालून ऐकणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. खाली केवळ सूर पोहोचतो आणि यंत्राचा सगळा खटाटोप वरच राहतो.

शेवटचा टप्पा खरोखरच कठीण आहे. जिना इतका निमुळता होतो की दोन्ही खांदे भिंतींना घासतात, पायऱ्या उंच होतात आणि वाऱ्याचा झोत अंगावर येऊ लागतो. इथे मी दोनदा थांबले. मागे असलेला मित्र काही न बोलता थांबला, घाई केली नाही, आणि गटातल्या इतरांनीही कुरकुर केली नाही. सुमारे ९५ मीटर उंचीवर आम्ही बाहेर आलो.

वरून दिसणाऱ्या दृश्याबद्दल मी थोडक्यातच लिहिते. पश्चिमेला अ‍ॅम्स्टरडॅम-ऱ्हाइन कालव्याची सरळ रेघ, पूर्वेला वनराईने भरलेली उट्रेख्तची टेकड्यांची रांग, आणि वायव्येला धुक्यात बुडालेली अ‍ॅम्स्टरडॅमची दिशा. सपाट देशात ९५ मीटर पुष्कळ होतात. पण माझी नजर वारंवार सरळ खाली जात होती. वरून पाहिल्यावरच त्या पडलेल्या सभामंडपाची खरी लांबी कळली. चौकात उभे असताना ते एक मोकळे मैदान वाटते. वरून मात्र मनोरा आणि वेदीकडचा भाग एकाच रेषेत दिसतात, आणि त्यांच्यामधली पोकळी स्पष्टपणे एका इमारतीच्या आकाराची दिसते. त्याच चौकाच्या कडेला विद्यापीठाची जुनी इमारत आहे. तिच्यातल्या मध्ययुगीन दालनात १५७९ मध्ये उत्तरेकडच्या प्रांतांनी उट्रेख्तचा करार केला आणि पुढच्या डच प्रजासत्ताकाचा पाया घातला. मैत्रीण त्या इमारतीसमोरून कामावर जाताना रोज सायकल चालवत असे. ती कठड्याशी उभी राहून आपल्या घराचे छप्पर शोधू लागली आणि सापडल्यावर तिने आम्हा दोघांना हाताने दाखवले, तेव्हा इतकी वर्षे परगावी काढलेल्या माणसाचे त्या गावावर जडलेले प्रेम तिच्या बोलण्यात स्पष्ट दिसले.

उतरणे चढण्यापेक्षा सोपे असते, हा समज गोल जिन्यात टिकत नाही. दम लागत नाही हे खरे, पण पोटऱ्या थरथरू लागतात आणि डोके गरगरते. बाईंनी सांगितलेली युक्ती उपयोगी पडली: पुढच्या माणसाच्या पायांकडे न पाहता आपल्याच पुढच्या दोन पायऱ्यांवर नजर ठेवायची आणि बाहेरच्या भिंतीवरचा हात सोडायचा नाही. जे कुणी जाणार असतील त्यांनी पाठीवरची पिशवी खालीच ठेवावी, पकड असलेले बूट घालावेत, आणि वर वारा असतो म्हणून उन्हाळ्यातही एक जाकीट सोबत असू द्यावे. गुडघ्याची तक्रार असेल तर भीड न बाळगता आधीच नकार द्यावा.

मित्राची पत्नी चौकात आमची वाट पाहत होती आणि तिच्याकडे आमच्याइतकेच सांगण्यासारखे होते. चौकाखाली काही मीटरवर इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या रोमन छावणीचे अवशेष आहेत, सुमारे इ. स. ४७ मध्ये रोमनांनी आपल्या साम्राज्याच्या उत्तर सीमेवर, ऱ्हाइनच्या काठी ही छावणी वसवली आणि तिचे नाव होते त्रायेक्तुम. तिच्या भिंतींची रेषा आज चौकाच्या फरशीत धातूच्या पट्टीने दाखवली आहे. तिने आम्हाला त्या पट्टीवरून चालत नेले आणि आम्ही वर असताना पडलेल्या सभामंडपाच्या दगडांचे थर तिने खाली प्रत्यक्ष कसे पाहिले, ते सविस्तर सांगितले. वरून आम्ही जी रिकामी जागा पाहिली होती, तिच्यात काय काय पुरले गेले आहे हे तिच्यामुळे कळले. दुपारनंतर आम्ही तिघेही तिकीट काढून खाली गेलो, आणि ती दुसऱ्यांदा आमच्यासोबत आली.

यजमान मैत्रिणीने मात्र त्याच संध्याकाळी आणखी एक काम केले. घंटावादकांच्या संघात नवे सदस्य शिकाऊ म्हणून घेतात का, डच भाषा किती यावी लागते आणि सरावासाठी किती वेळा वर चढावे लागते, ही सगळी चौकशी करणारे पत्र तिने आमच्यासमोर बसून लिहिले आणि पाठवून दिले.